पंक्तिप्रवेश

घटस्फोट हा शब्द आज आपण नवराबायकोच्या कायदेशीर फारकतीसाठी वापरतो, आणि त्या अर्थी तो इतका रुळून गेला आहे की त्यातला घट कोणता आणि तो कोणी उपडा केला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. धर्मशास्त्रातला हा विधी विवाहासंबंधीचा नाही. तो पतिताला कुलातून आणि व्यवहारातून बाहेर घालण्याचा आहे. महापातक करून जो प्रायश्चित्त घेण्यास नकार देई, त्याचे सपिंड आणि समानोदक अशुभ दिवस पाहून सायंकाळी गावाबाहेर जमत, गुरू आणि ऋत्विज यांच्या समक्ष त्या जिवंत माणसाला मृताप्रमाणे उदक देत, आणि एक दासी पाण्याने भरलेला घट पायाने उपडा करी. त्या क्षणापासून त्याच्याशी बोलणे, एका आसनावर बसणे, त्याला वारशाचा हिस्सा देणे, किंबहुना लौकिक व्यवहाराचा कोणताही संबंध ठेवणे बंद. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हे सर्व तपशिलाने आले आहे. माणूस श्वास घेत आहे, चालत आहे, आणि त्याच्या रक्ताच्या माणसांनी त्याचे सुतक पाळून हात धुतले आहेत, हे चित्र वाचताना अंगावर काटा येतो.

परंतु त्याच अध्यायात, लगेच पुढे, दुसरा विधी सांगितला आहे, आणि माझ्या मते पहिल्याची सारी न्याय्यता या दुसऱ्यावर अवलंबून आहे. पतिताने प्रायश्चित्त पूर्ण केले की त्याच्या ज्ञातींनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या जलात सोडावा. मग त्याने आपल्या घरी जावे आणि पूर्वीप्रमाणे सर्व कुलकर्मे करावीत. येथे ‘त्याच्यासह’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पापी एकटा पाण्यात उतरतो आणि शुद्ध मंडळी काठावर उभी राहून त्याची परीक्षा पाहतात, अशी ही योजना नाही. ज्यांनी बाहेर घातले त्यांनाही ओले व्हावे लागते.

या दोन घटांची आठवण मला नेहमी एका क्रिकेटच्या दौऱ्याबरोबर होते. १९९१ च्या नोव्हेंबरात, दिवाळी नुकतीच सरलेली असताना, दक्षिण आफ्रिकेचा संघ तीन एकदिवसीय सामने खेळण्यासाठी भारतात आला. पहिला सामना रविवारी, १० नोव्हेंबर रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, दुसरा १२ रोजी ग्वाल्हेरला, तिसरा १४ रोजी दिल्लीला. पाच दिवसांत दौरा आटोपला. कसोटी सामना नाही, सरावाचे प्रदीर्घ सामने नाहीत. पाकिस्तानचा ठरलेला दौरा रद्द झाल्यामुळे रिकाम्या पडलेल्या तारखांवर अवघ्या काही दिवसांच्या मुदतीत ठरवलेला हा बेत होता. तथापि विमानतळापासून शहरापर्यंतच्या रस्त्यावर हजारो माणसे दुतर्फा उभी राहिली, मैदानात नव्वद हजारांच्या आसपास प्रेक्षक जमले, आणि कर्णधार क्लाइव्ह राइस याला आपल्या भावनेसाठी चंद्रावर पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसाशिवाय दुसरी उपमा सुचली नाही. एकवीस वर्षांच्या बहिष्कारानंतर तो देश क्रिकेटच्या पंक्तीत परत बसत होता.

एकवीस वर्षे हा आकडा सर्वांच्या तोंडी होता, आणि तो अपुरा होता. दक्षिण आफ्रिकेने आपला पहिला कसोटी सामना १८८९ साली खेळला; तेव्हापासून १९७० पर्यंत त्या देशाने एकूण १७२ कसोटी सामने खेळले, आणि ते सर्वच्या सर्व इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन देशांशी. भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्याशी एकही नाही. म्हणजे जगाने त्यांना वाळीत टाकण्यापूर्वी ऐंशी वर्षे त्यांनीच जगाचा मोठा भाग आपल्या पंक्तीबाहेर ठेवला होता. ईडन गार्डन्सवरचा तो सामना पुनःप्रवेशाचा होता हे खरे, परंतु गौरेतर देशाबरोबर एका मैदानावर उतरण्याचा त्यांचा तो पहिलाच अधिकृत प्रसंग होता, आणि ही गोष्ट मला त्या पुनःप्रवेशाहूनही मोठी वाटते.

अपराध काय होता, हे आज नव्या पिढीला सांगावे लागते. माणसाची कातडी पाहून त्याची सरकारदरबारी नोंद करावयाची, आणि त्या नोंदीवरून त्याने कोठे राहावे, कोणाशी विवाह करावा, कोणत्या बाकावर बसावे आणि कोणत्या संघातून खेळावे हे ठरवावयाचे, असा त्या राज्याचा कायदा होता. केपटाउनचा बेझिल डॉलिव्हेरा हा अव्वल दर्जाचा फलंदाज. आपल्या देशात त्याला स्थान नव्हते म्हणून तो १९६० साली इंग्लंडला गेला, तेथे नागरिक झाला, तेथील संघात आला. १९६८ साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याची निवड झाली तेव्हा पंतप्रधान फोर्स्टर यांनी तो संघ स्वीकारण्यास साफ नकार दिला. दौरा रद्द झाला, आणि तेथून बहिष्काराला खरी धार आली. १९८३ साली, जेव्हा बंदी झुगारून पैशासाठी तेथे गेलेल्या वेस्ट इंडीजच्या खेळाडूंना त्या सरकारने सन्मानार्थ गौरवर्णीय मानण्याचे ठरवले होते, तेव्हा कॉलिन क्रॉफ्ट या वेगवान गोलंदाजाला केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या आगगाडीच्या डब्यातून बाहेर काढण्यात आले. १८९३ साली पीटरमॅरित्सबर्गच्या फलाटावर एका भारतीय बॅरिस्टराला उतरवण्यात आले होते, त्याला बरोबर नव्वद वर्षे झाली होती.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिण्यास घेतला त्याकडे वळतो. त्या तीन सामन्यांत आपण नेमके काय केले? आपण त्यांना क्षमा केली काय? तसे असेल तर क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि क्षमा केली नसेल, तर मग रस्त्यावर उभ्या राहिलेल्या त्या हजारो माणसांच्या स्वागताला नाव कोणते?

क्षमेचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा, हे तत्त्व मला निर्विवाद वाटते. सोवेटोतल्या आईचे मूल पोलिसांच्या गोळीने गेले असेल, तर त्याबद्दलची क्षमा कलकत्त्यातल्या प्रेक्षकाने करावयाची नसते. ती त्याच्या मालकीची वस्तूच नाही. भारताचा संबंध अगदीच परका नव्हता, हे मान्य. नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या माणसांचे वंशज तेथे होते आणि त्यांनी या कायद्यांचा जाच सोसला होता. १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, भारत सरकारने त्या देशाशी व्यापारसंबंध तोडले आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली, आणि भारताने खेळण्यास नकार देऊन तो चषक त्यांना जाऊ दिला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन उमेदीत होते. तो चषक भारताला त्यापूर्वी मिळाला नव्हता आणि त्यानंतर आजतागायत मिळालेला नाही. बहिष्कार घालणाऱ्याने स्वतः काहीतरी गमावलेले असले म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येते, आणि त्या दृष्टीने भारताच्या शब्दाला वजन होते. परंतु वजन निराळे आणि क्षमेचा अधिकार निराळा.

या गुंत्यातून वाट दाखवणारा विचार मला याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात आणि त्यावरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत सापडला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या विषयाचा जो विस्तार केला आहे, तो वाचणाऱ्यास हा वाद परिचित असेल. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते, याविषयी स्मृतीत शंका नाही. जाणूनबुजून केलेल्या पापाचे काय? स्मृतीचे म्हणणे असे की प्रायश्चित्त घेतल्याने असा मनुष्य इहलोकी व्यवहार्य होतो, म्हणजे त्याच्याशी संबंध ठेवण्यास हरकत राहत नाही. मिताक्षराकार याचा उलगडा असा करतात की पापाच्या शक्ती दोन आहेत: एक नरकात नेणारी, दुसरी व्यवहार अडवणारी. बुद्धिपुरस्सर केलेल्या महापातकात पहिली शक्ती प्रायश्चित्ताने ढळली नाही तरी दुसरी ढळते. काही टीकाकार त्याच ठिकाणी एक अवग्रह मानून ‘अव्यवहार्य’ असा पाठ घेतात, आणि अर्थ पूर्ण उलटतो: पाप गेले तरी त्या माणसाशी संबंध नकोत. ऐकू न येणाऱ्या एवढ्याशा चिन्हावर एखाद्या माणसाचे उरलेले आयुष्य टांगलेले राहावे, याचा विचार करीत मी बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसलो होतो.

विज्ञानेश्वराचा पक्ष मला ग्राह्य वाटतो. त्यामुळे क्षमा आणि व्यवहार या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या होतात. पापाचे अंतिम परिमार्जन समाजाच्या हातात नाही. ते पीडिताच्या, कर्त्याच्या अंतःकरणाच्या आणि ईश्वर मानणाऱ्यासाठी ईश्वराच्या दप्तरी आहे. समाजाच्या हातात असते ती केवळ व्यवहार्यता: या माणसाबरोबर आता एका पंक्तीत बसावे की न बसावे, एवढाच निवाडा. ईडन गार्डन्सवर आपण जे बहाल केले ते हेच, यापेक्षा कणभर अधिक नाही. आपण त्यांचे पाप धुतले असे जे त्या वेळी उत्साहाने बोलले गेले त्यात अहंकार होता. आणि पाप धुतले गेले नसताना आपण खेळलोच कसे, असे जे रागाने विचारले गेले, त्यात या दोन शक्तींची गल्लत होती.

तो रागही निराधार नव्हता, हे सांगितले पाहिजे. जून १९९१ मध्ये माणसांची वर्णावरून नोंद करण्याचा कायदा रद्द झाला, त्याच महिन्याच्या अखेरीस गोऱ्यांचे आणि गौरेतरांचे क्रिकेट चालवणारी दोन मंडळे एक झाली, आणि जुलैमध्ये भारतानेच मांडलेल्या ठरावाने आंतरराष्ट्रीय परिषदेत त्या देशाला प्रवेश मिळाला. परंतु नोव्हेंबरात राइसचा संघ मैदानात उतरला तेव्हा त्या देशातल्या बहुसंख्य काळ्या प्रजेला मताचा अधिकार नव्हता. तो प्रत्यक्षात बजावण्यास एप्रिल १९९४ उजाडावा लागला. विकृत समाजात खेळ तेवढा निर्मळ असू शकत नाही, असे तेथल्या गौरेतर क्रिकेटचे नेते हसन होवा वर्षानुवर्षे सांगत आले होते, आणि त्यांच्या मताची माणसे १९९१ सालीही होती. प्रायश्चित्त अर्ध्यावर असताना नवा घट जलात सोडणे धर्म्य आहे काय?

माझे उत्तर होय असे आहे, आणि त्याचे कारण एका माणसात आहे. स्टीव्ह त्श्वेते हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते, रॉबेन बेटावरच्या तुरुंगात त्यांनी पंधरा वर्षे काढली होती; ती दोन मंडळे एकत्र आणण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि गोऱ्या क्रिकेटच्या व्यवस्थापकांबरोबर प्रवेशाची रदबदली केली. ज्याला बेड्या घातल्या गेल्या तोच जर जामीन राहण्यास तयार असेल, तर काठावरच्या तिसऱ्याने त्याहून कठोर होण्यात धर्म नाही. पुढे मार्च १९९२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा संघ विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये खेळत असताना, सुधारणा चालू ठेवाव्यात की नाही यावर गोऱ्या मतदारांचा कौल घेतला गेला आणि दोनतृतीयांशांहून अधिक मते सुधारणांच्या बाजूने पडली. पंक्तीत पुन्हा बसल्यानंतर पंक्तीतून उठवले जाण्याची धास्तीही सुधारणेच्या उपयोगी पडते, असे यावरून मला वाटते. मात्र एका दौऱ्याने त्या देशाचे भवितव्य ठरले असा दावा मी करणार नाही.

बहिष्कार हे शस्त्र आपल्या महाराष्ट्राला नवे नाही, आणि म्हणून त्याविषयी आपण अधिक जबाबदारीने बोलले पाहिजे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात चहा घेतल्यावरून ग्रामण्य माजले. टिळकांनी आणि रानड्यांनीही त्या पायी प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करला. गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला विहिरीवर पाणी मिळत नाही आणि मर्तिकाला खांदा मिळत नाही, हे इतक्या अलीकडेपर्यंत चालत आले की महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. मग दक्षिण आफ्रिकेला वाळीत टाकणे आम्ही धर्म्य कसे म्हणतो? फरक मला असा दिसतो. न्याय्य बहिष्कारात अपराध स्पष्ट सांगितलेला असतो, तो कृतीचा असतो, आणि काय केले असता परत येता येईल हे बाहेर घालतानाच सांगितलेले असते. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या. हे कायदे रद्द करा, एक मंडळ करा, गुणावर निवड करा, आणि या. वाट आखून दिली होती म्हणूनच ते आले. ज्या बहिष्काराला परतीची वाट नाही ते केवळ वैर. १९९१ च्याच ऑक्टोबरात, पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून मुंबईत वानखेडे मैदानाची खेळपट्टी उखडण्यात आली. त्यामागच्या संतापाची कारणे मला ठाऊक आहेत आणि त्यांतली काही खरीही होती. परंतु पाहुण्या खेळाडूने कोणते प्रायश्चित्त घ्यावे म्हणजे ती जमीन पुन्हा सपाट होईल, हे उखडणाऱ्याने सांगितले नव्हते.

क्लाइव्ह राइसचा विचार मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तो १९४९ सालचा. १९७१-७२ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी त्याची निवड झाली होती. तो दौरा बहिष्कारामुळे रद्द झाला, आणि ज्या वयात अष्टपैलू खेळाडू जगाला दिपवतो ती सारी वर्षे त्याने इंग्लंडच्या कौंटीत आणि आपल्या देशातल्या सामन्यांत घालवली. ईडन गार्डन्सवर नाणेफेकीला गेला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. तीन सामने झाले. पुढच्या विश्वचषकासाठी त्याला निवडले नाही. त्याचे आंतरराष्ट्रीय आयुष्य एवढेच. कर्मसिद्धांत व्यक्तीचा आहे, ज्याचे कर्म त्याला फळ. मग वर्णभेदाचे कायदे ज्याने लिहिले नाहीत त्याने त्यांचा दंड का भरावा? धर्मशास्त्राचे उत्तर संसर्गाचे आहे: महापातक्याच्या सान्निध्यात वर्षभर वावरणारा स्वतः पतित होतो, आणि म्हणून संसर्ग हे पाचवे महापातक गणले आहे. राइसने त्या व्यवस्थेत फळे खाल्ली होती. बंदी मोडून आलेल्या बाहेरच्या संघांशी तो खेळलाही होता. उलट बाजूही आहे. एप्रिल १९७१ मध्ये केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर प्रॉक्टर, रिचर्ड्स, पोलॉक अशा गोऱ्या खेळाडूंनी एक चेंडू टाकून झाल्यावर मैदान सोडले आणि निवड गुणावर व्हावी अशी जाहीर मागणी केली. पापाचे ख्यापन आणि अनुताप ही मनूने सांगितलेली प्रायश्चित्ताची पहिली अंगे. त्या दुपारी ती थोडीतरी दिसली. ती थोडी होती, आणि त्यानंतर सामना पुढे चालू झाला.

पण संसर्गाचा हा सिद्धांत हातात घेताना माझा हात कापतो. ज्या कल्पनेने पापी राज्याच्या खेळाडूला मैदानाबाहेर ठेवणे समर्थनीय ठरते, त्याच कल्पनेने आपल्या देशात निरपराध माणसाला विहिरीबाहेर, देवळाबाहेर आणि चहाच्या पेल्याबाहेर ठेवले. वर्णभेद हा शब्द आपण दक्षिण आफ्रिकेसाठी वापरला तेव्हा तो आपल्याच घरातून उचलून दिला होता.

पळवणकर बाळू यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होता आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत होता. साहेबांना हरवावयाचे म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतले. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हातात फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पतिताला परतीची वाट असते, कारण त्याने काहीतरी केलेले असते. बाळूंनी काही केलेले नव्हते, म्हणून त्यांना घेण्यासारखे प्रायश्चित्तच नव्हते. जन्माने बाहेर घातलेल्या माणसासाठी शास्त्राने नवा घट ठेवला नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी प्रिटोरियाचा कायदा आणि आमचा आचार एकमेकांचे सख्खे भाऊ होते.

१० नोव्हेंबरच्या त्या रविवारी दादरच्या आमच्या घरी दूरदर्शनसमोर बसलेल्या माझ्या वृद्ध आईने पाहुण्यांचा संघ ओळीने पाहिला आणि विचारले, “अरे, त्यांच्या देशात काळी माणसं पुष्कळ आहेत म्हणतोस ना? मग यांत एकही कसा नाही?” मी तिला दोन मंडळे एक झाल्याचे सांगितले, हळूहळू होईल असे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आपल्याकडे तरी कुठे लवकर झालं.” तिला बाळूंचे नाव ठाऊक नव्हते. तिच्या माहेरी पाण्याचा रांजण कोणाला शिवू देत नसत, एवढे तिला ठाऊक होते. ज्ञातींनी पतितासह जलात उतरावे, याचा अर्थ मला त्या क्षणी जितका स्पष्ट झाला तितका कोणत्याही भाष्याने झाला नव्हता.

खेळाचे मैदान हे मला अशा स्नानाचे योग्य जल वाटते, आणि याला भावनेपेक्षा अधिक भक्कम कारण आहे. नियम दोघांना एक, पंच दोघांना एक, खेळपट्टी दोघांना एक; चेंडूला फलंदाजाचा वर्ण कळत नाही. बाळूंना चहाच्या वेळी जे नाकारले गेले ते खेळ चालू असेतोवर नाकारता येत नव्हते, हे मैदानाचे सामर्थ्य. आणि खेळ थांबताच ते नाकारले गेले, ही मैदानाची मर्यादा. ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेने ४७ षटकांत ८ बाद १७७ धावा केल्या. मग ॲलन डोनाल्डने सुरुवातीलाच भारताचे फलंदाज असे बाद केले की एवढे मोठे मैदान चिडीचूप झाले. डाव सावरला तो अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ६२ धावा करून आणि आपला पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळणाऱ्या प्रवीण आमरेने ५५ करून. दोघेही शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेले. भारत तीन गडी राखून जिंकला. पाच बळी घेणारा डोनाल्ड आणि तेंडुलकर यांना सामनावीराचा मान विभागून देण्यात आला. ग्वाल्हेरचा सामना भारताने ३८ धावांनी जिंकला. कण्हेरखेडच्या शिंद्यांचे वंशज माधवराव शिंदे तेव्हा भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते आणि ग्वाल्हेर हे त्यांचेच गाव. दिल्लीला शास्त्री आणि मांजरेकर यांनी शतके केली, भारताच्या २८७ धावा झाल्या, आणि पाहुण्यांनी अवघे दोन गडी गमावून त्या पार केल्या. दिल्लीच्या प्रेक्षकांनी त्यांच्या विजयाचेही कौतुक केले. पंक्तीत घेतलेल्या माणसाला पोटभर वाढावे लागते, आणि त्यात आपला पराभव असला तरी तो वाढावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेने पुढे सत्यशोधनाचा आयोग बसवला, आर्चबिशप डेझमंड टुटू यांच्यापुढे पीडित आणि अपराधी समोरासमोर आले, आणि क्षमेचा प्रश्न ज्यांचा होता त्यांच्याकडे गेला. तो तेथे पूर्ण सुटला असे तेथली माणसे म्हणत नाहीत. आपण आपला प्रश्न कोणत्या आयोगापुढे नेला, हे वाचकाने स्वतःला विचारावे, अशी माझी विनंती आहे. गावच्या पाणवठ्यावर आणि शाळेतल्या जेवणाच्या पंक्तीत त्याचे उत्तर आजही शोधता येते.

ज्या वर्षी कॉलिन क्रॉफ्टला आगगाडीच्या डब्यातून उतरवले, त्याच १९८३ साली डर्बनमध्ये गुजराती मुसलमान कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याच्या जन्मकाळच्या कायद्याप्रमाणे राइसच्या देशात त्याची नोंद गौरेतर म्हणून होत होती. हाशिम अमला पुढे त्या देशाचा कर्णधार झाला. आणि आपला पहिला कसोटी सामना तो २८ नोव्हेंबर २००४ पासून खेळला, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर.